होरोनाई ओढ्याचा जमाखर्च

जपानच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे जे मोठे बेट आहे, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर तोमाकोमाई हे बंदराचे शहर वसलेले आहे. १९१० सालापासून तेथे कागदाची प्रचंड गिरणी चालू आहे, आणि त्या गिरणीच्या धुराड्यांकडे पाठ करून माणूस आत चालू लागला म्हणजे ओक, मेपल, अ‍ॅश अशा पानझडी वृक्षांचे, होक्काइदो विद्यापीठाच्या ताब्यातील एक विस्तीर्ण संशोधनवन लागते. या वनातून होरोनाई नावाचा ओढा वाहतो. ‘नाई’ हा त्या बेटाच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे आयनू लोकांचा शब्द असून त्याचा अर्थच ओढा असा आहे. जमिनीतून फुटणाऱ्या झऱ्यांवर पोसलेला, थोडक्या पावलांत ओलांडता येईल इतका अरुंद, दोन्ही काठांवरच्या फांद्यांनी वरून जवळजवळ झाकून टाकलेला असा हा ओढा आहे. त्याच्या काठी उभ्या राहिलेल्या प्रवाशाला तो रमणीय वाटेल, परंतु जगाच्या विज्ञानात त्याचे नाव व्हावे असे त्याच्यात काही आहे, हे त्याच्या मनात येणार नाही.

आणि तरीही गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या ओढ्यावर एक विलक्षण दृश्य दिसू लागले. थंड मुलखातला शेतकरी भाजीपाल्याच्या वाफ्यांवर जसे अर्धगोल हरितगृह उभारतो, तसे हरितगृह काही माणसे वाहत्या पाण्यावर उभारीत होती. पाणी अडवले नव्हते, वळवले नव्हते. ओढा आपल्या नेहमीच्या गतीने आच्छादनाखालून वाहत होता, उजेड आत येत होता, मासे होते तसे होते. फक्त एक गोष्ट बंद झाली होती: झाडांवरून पाण्यात जे टपटपते ते आता टपटपत नव्हते. फांदीवरून निसटलेला सुरवंट, वाऱ्याने ढकललेली मुंगी, उडता उडता थकून पाण्यावर टेकलेला भुंगा, या सगळ्यांना पाण्याच्या थोडे अलीकडेच अडवून धरण्यासाठी हा खटाटोप होता. एवढ्या क्षुल्लक जिवांना अडवल्याने एका ओढ्याचे काय बिघडणार, हा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाला सुचेल. आणि ज्याने हा प्रयोग योजला त्यालाही नेमका तोच प्रश्न पडलेला होता.

त्याचे नाव शिगेरू नाकानो. जन्म १९६२ चा. त्याच्या वाट्याला आयुष्य आले ते अवघे ३७ वर्षांचे, आणि त्यातले संशोधनाचे म्हणता येईल असे फार तर दीड दशक. एवढ्या अवधीत त्याने जे सिद्ध केले त्यामुळे अरण्याचा अभ्यास करणारे आणि नदीचा अभ्यास करणारे हे जे दोन पंथ आपापल्या हद्दीत सुखाने नांदत होते, त्यांना एकमेकांचे दप्तर उघडून पाहणे भाग पडले.

नाकानो हा मूळचा माशांचा अभ्यासक. मत्स्यशास्त्राचा जुना रिवाज असा की मासा जाळ्यात धरावा, लांबी मोजावी, वजन करावे, पोट चिरून आतले अन्न पाहावे आणि मग त्याच्या आयुष्याविषयी अनुमान बांधावे. नाकानो याच्या उलट बाजूने गेला. डोंगरातल्या बर्फगार ओढ्यात, अंगात पाणी न शिरणारा पोशाख चढवून, तोंडात श्वासाची नळी धरून तो पालथा पडून राही, आणि तास न् तास माशांकडे पाहत असे. अशा रीतीने पाहिले म्हणजे ‘मासे’ हा अनेकवचनी शब्द हळूहळू नाहीसा होतो आणि हा मासा, तो मासा असे वेगवेगळे जीव दिसू लागतात. जपानी लोक ज्याला ‘आमागो’ म्हणतात त्या, अंगावर तांबडे ठिपके असलेल्या माशावर नाकानोने १९९५ साली प्रसिद्ध केलेला निबंध याच पाहण्यातून निघाला. डोहाच्या मुखाशी, जेथे वरचा प्रवाह आत शिरतो आणि आपल्याबरोबर खाण्याजोगे काहीबाही घेऊन येतो, तेथली जागा सर्वांत बलिष्ठ माशाची. त्याच्या मागे दुसऱ्याची, त्याच्या मागे तिसऱ्याची. आपल्याकडे गावजेवणात पहिल्या पंगतीचा मान जसा ठरलेला असतो, तसा हा मान पाण्याखालीही ठरलेला असतो. पहिला मासा भरपेट खातो आणि झपाट्याने वाढतो. शेवटचा अर्धपोटी राहतो आणि एखाद्या दिवशी तो डोहच सोडून निघून जातो. ही सगळी उतरंड माशामाशाची ओळख पटवून, त्याची दिनचर्या टिपून नाकानोने मांडली. ज्या चिकाटीने एखादा कारकून जमाबंदीची वही लिहितो त्या चिकाटीने त्याने ओढ्याचा रोजनामा लिहिला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

होक्काइदोतील थंड पाण्यात माशांच्या दोन भावकी नांदतात. एकीला ओशोरोकोमा म्हणतात, दुसरीला आमेमासु. दोघीही साल्मन-ट्राउटच्याच विस्तृत कुळातल्या आणि एकमेकींच्या इतक्या जवळच्या की त्यांच्यात वाटणी कशी होते हा प्रश्न अभ्यासकाला खुणावतोच. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे कर्ट फॉश हे नदीतल्या माशांचे नामांकित संशोधक या प्रश्नासाठी होक्काइदोला आले. त्यांची आणि नाकानोची जी मैत्री जुळली ती शेवटपर्यंत टिकली. बेटभरच्या ओढ्यांची पाहणी करून या मंडळींनी १९९४ साली दाखवले की वरच्या, थंड पाण्यात ओशोरोकोमाचे राज्य आणि खालच्या, किंचित उबदार पाण्यात आमेमासूचे, आणि ही वाटणी पाण्याच्या उष्णतामानाशी बांधलेली आहे. पण काही ओढ्यांत दोघे एकाच डोहात आढळतात. हिदाका पर्वतातील पोरोशिरी या प्रवाहात त्यांनी असा एक डोह धरून वरच्या बाजूस बारीक जाळ्या लावल्या आणि पाण्याबरोबर वाहत येणारे अन्न डोहाबाहेरच थोपवले. परिणाम पाहण्यासारखा झाला. प्रवाहात स्थिर राहून वाहते अन्न टिपणारा मासा, विशेषतः ओशोरोकोमा, आपली जागा सोडून तळाशी गेला आणि दगडगोट्यांना चिकटलेले किडे वेचून खाऊ लागला. वरची आवक आटली म्हणून त्याने खालच्या साठ्याला हात घातला.

१९९७ साली प्रसिद्ध झालेली ही नोंद वाचताना ती केवळ माशांच्या खाण्यापिण्याची हकीकत वाटते. परंतु माझ्या समजुतीने नाकानोच्या पुढच्या सगळ्या कार्याचे बीज या एका नोंदीत आहे. कारण वाहून येणारे ते अन्न आले कोठून, याचा शोध घेऊ लागले म्हणजे दृष्टी आपोआप पाण्यातून वर उचलली जाते. त्यातला बराच भाग पाण्यात जन्मलेल्या किड्यांचा असतो हे खरे. पण उन्हाळ्यात त्यात झाडांवरून पडलेल्या, पाण्याशी ज्यांचा जन्मात संबंध आला नाही अशा किड्यांचा भरणा मोठा असतो. इतकी वर्षे पालथा पडून तळाकडे पाहणारा हा माणूस आता उताणा होऊन फांद्यांकडे पाहू लागला.

अरण्य ओढ्याला पोसते, ही गोष्ट नाकानोच्या आधीही शास्त्रज्ञांना ठाऊक होती. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतातील बेअर ब्रूक या लहानशा ओढ्याचा हिशेब स्टुअर्ट फिशर आणि जीन लायकन्स यांनी १९७३ साली मांडला, तेव्हा त्या ओढ्यातल्या जीवनाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा पाण्यात तयारच होत नाही, ती भोवतालच्या रानातून पानांच्या आणि काटक्यांच्या रूपाने येते, असे दिसून आले होते. पुढे दोनच वर्षांनी हाइन्स या थोर जलशास्त्रज्ञाने आपल्या एका गाजलेल्या व्याख्यानात, ओढा समजून घ्यायचा तर आधी त्याचे खोरे समजून घेतले पाहिजे, हा विचार आग्रहाने मांडला. पण या साऱ्यात अरण्य हे दात्याच्या भूमिकेत होते आणि ओढा हा घेणाऱ्याच्या. शिवाय जे दिले जाई ते मृत, वाळलेले, कुजत जाणारे. जिवंत भक्ष्य या काठावरून त्या पाण्यात आणि त्या पाण्यातून या काठावर येजा करते, त्या येजा करण्याचे मोल मोजता येते आणि त्यावर दोन्हीकडच्या प्राण्यांचे जगणे-मरणे अवलंबून असते, हे दाखवणारा माणूस नाकानो होता.

आता त्या आच्छादनाकडे परत येऊ. ओढ्याचे तुकडे पाडून नाकानो आणि त्याचे सहकारी यांनी चार परिस्थिती निर्माण केल्या: कोठे आच्छादन आहे आणि मासे आहेत, कोठे आच्छादन आहे पण मासे नाहीत, कोठे मासे आहेत पण वर आभाळ मोकळे आहे, आणि कोठे दोन्ही नाहीत. प्रयोगाची ही मांडणी इतकी साधी आहे की शाळेतल्या मुलालाही समजावी. जेथे आभाळ मोकळे होते तेथे मासे वरून पडणाऱ्या किड्यांवर गुजराण करीत राहिले, आणि तळाच्या किड्यांच्या वाटेला फारसे गेले नाहीत. जेथे आच्छादन होते तेथे वरची रसद तुटताच माशांनी तळाकडे मोर्चा वळवला. तळाचे जे किडे गोट्यांवरचे शेवाळ खरवडून खातात, ते झपाट्याने कमी झाले. आणि खाणारे उरले नाहीत म्हणून शेवाळ माजले. जेथे मासे मुळात नव्हते तेथे आच्छादन असले काय नि नसले काय, शेवाळाला फरक पडला नाही. म्हणजे झाडावरचा सुरवंट पाण्यात पडणे न पडणे यावर पाण्याखालच्या दगडावर हिरवा थर किती जाड बसेल हे ठरत होते, आणि त्या दोहोंना जोडणारी कडी मासा ही होती. हा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. दगडावरच्या निसरड्या हिरवेपणाचा जाब शेजारच्या झाडाला विचारावा लागतो, ही कल्पना ज्याला एकदा कळली त्याला पुन्हा ओढ्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. निदान मला तरी आलेले नाही.

पण नाकानोच्या मनात याहून मोठा हिशेब होता. एका उन्हाळ्यातला प्रयोग म्हणजे खात्यातील एक रक्कम झाली. त्याला वर्षभराचे खाते हवे होते, आणि तेही दोन्ही पक्षांचे. मासाशी मुराकामी हा पक्ष्यांचा आणि वनातील किड्यांचा जाणकार त्याला सहकारी म्हणून लाभला. पाण्यावर कोण पडते हे कळावे म्हणून ओढ्याशी पाणी भरलेली पसरट ताटे ठेवण्यात आली. पाण्यातून कोण बाहेर पडते हे कळावे म्हणून पृष्ठभागावर तंबूसारखे सापळे लावण्यात आले. माशांच्या पोटातल्या अन्नाची तपासणी झाली. आणि झाडावर बसलेला पक्षी टिपलेला किडा रानातला की पाण्यातून उडालेला, हे फांदीफांदीवर नजर ठेवून नोंदले गेले. महिन्यामागून महिने, बर्फातही, हे काम चालू राहिले.

या हिशेबातून जे चित्र निघाले ते समजण्यासाठी पाण्यातल्या किड्यांची थोडी ओळख करून घ्यायला हवी. मे-माशी, कॅडिस माशी यांसारखे किडे आयुष्याचा फार मोठा भाग पाण्याखाली अळीच्या अवस्थेत काढतात. मग एखाद्या संध्याकाळी ते पृष्ठभागावर येतात, जुनी कात टाकतात, पंख पसरतात आणि रानात उडून जातात. तेथे त्यांचे मीलन होते, आणि काहींचे तर पंख फुटल्यावरचे सारे आयुष्य दिवसा-दोन दिवसांत संपते. होरोनाईच्या काठी हे उड्डाण ऐन भरात येते ते वसंताच्या सुमारास, म्हणजे ज्या दिवसांत झाडांना पालवी फुटायची असते किंवा नुकती कोठे फुटत असते, पाने नाहीत म्हणून सुरवंट नाहीत, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने रान हे रिकामे कोठार असते. अशा टंचाईच्या काळात ओढा आपले किडे रानाला देतो. पुढे उन्हाळा येतो, पाने गर्द होतात, त्या पानांवर किडे मातात. आणि त्याच वेळी ओढ्यातले किडे बहुतेक उडून गेल्यामुळे पाण्याखालचा साठा तळाला गेलेला असतो. आता माशांची टंचाई सुरू होते, आणि आता रान आपले किडे ओढ्याला देते. वर्षाअखेर बेरीज मांडली तेव्हा असे दिसले की पक्ष्यांच्या साऱ्या समुदायाला वर्षभरात जी ऊर्जा लागली तिच्यातील २५.६ टक्के ओढ्याने पुरवली होती, आणि माशांच्या साऱ्या समुदायाला जी लागली तिच्यातील ४४ टक्के रानाने.

उसनवारीवर ज्यांचे संसार चालले आहेत अशा शेजारणींची घरे आपण पाहिलेली असतात. एकीच्या घरचा गहू संपायला आणि दुसरीकडे नवा गहू यायला एकच गाठ पडते, आणि वाटी या दारातून त्या दारात जाते. दोघींचे सुगीचे दिवस एकच असते तर या वाटीला किंमत राहिली नसती. सुगी मागेपुढे आहे म्हणून शेजार टिकून आहे. नाकानो आणि मुराकामी यांचे म्हणणे नेमके हेच होते: देवघेव किती होते यापेक्षा ती कोणत्या वेळी होते, यावर तिचे महत्त्व अवलंबून असते. पानझडी अरण्य तोडून तेथे सदाहरित सूचिपर्णी वृक्षांची लागवड केली तर झाडांची संख्या तीच राहील, नकाशावरचा हिरवा रंग तोच राहील, परंतु कोणता किडा कधी पडेल याचे सारे वेळापत्रक बदलून जाईल. ‘झाडे लावली’ एवढ्या नोंदीवर समाधान मानणाऱ्यांनी थांबून विचार करावा असा हा मुद्दा आहे.

या देवघेवीत आणखी एक मध्यस्थ आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना मराठी माणसाला आपल्या भाषेचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. समुद्रात जाळे टाकतो तोही कोळी, आणि घराच्या कोपऱ्यात जाळे विणतो तोही कोळीच. होरोनाईच्या काठी हे दोन अर्थ एकरूप झालेले दिसतात. लांबट देहाच्या आणि लांब जबड्यांच्या कोळ्यांचे एक कुळ पाण्यावर झुकलेल्या फांद्यांमध्ये आपले जाळे आडवे, पाण्याशी समांतर विणते, आणि पाण्यातून वर उठणारे किडे त्यात सापडतात. हे कोळी अक्षरशः ओढ्यावर मासेमारी करीत असतात. फक्त ती वरून चालते आणि मिळणारे भक्ष्य पंखांचे असते. पाण्यातून किडे बाहेरच पडू नयेत अशी जाळी घालून नाकानोच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, त्यात काठावरचे हे आडव्या जाळ्यांचे कोळी घटले. तो निबंध छापून आला २००३ साली, आणि त्यावर नाकानोचेही नाव आहे. परंतु तो तेव्हा हयात नव्हता.

मेक्सिकोच्या पश्चिमेस कॅलिफोर्नियाचे आखात आहे, आणि त्यात ओसाड, रखरखीत अशी अनेक बेटे आहेत. त्या बेटांवरचे विंचू आणि कोळी यांचा अभ्यास करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गॅरी पोलिस यांनी, नाकानोने ओढ्याकाठी जे पाहिले त्याचेच दुसरे रूप समुद्रकाठी पाहिले होते. जेथे पाऊस जवळजवळ पडत नाही आणि गवताची काडी उगवत नाही अशा बेटांवरही कोळी विपुल कसे, याचे उत्तर त्यांना लाटांबरोबर किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्रशैवालात आणि मृत जलचरांत सापडले. त्यांवर किडे वाढतात आणि किड्यांवर कोळी. बेट जितके लहान तितका त्याला क्षेत्रफळाच्या मानाने किनारा अधिक, आणि म्हणून कोळीही दाट. समुद्र आणि वाळवंट यांचा हिशेब मांडणारा हा माणूस आणि ओढा व अरण्य यांचा हिशेब मांडणारा नाकानो यांनी एकत्र यावे हे स्वाभाविकच होते. नाकानो त्या वेळी क्योतो विद्यापीठाच्या पारिस्थितिकी केंद्रात होता. वाळवीचे मोठे अभ्यासक ताकुया आबे आणि सैद्धांतिक पारिस्थितिकीचे पंडित मासाहिको हिगाशी या तेथल्याच दोघांसह तो ती बेटे पाहण्यास गेला. २७ मार्च २००० रोजी बेटावरून परतताना वारा उठला, समुद्र खवळला आणि नाव उलटली. पोलिस, त्यांचा एक तरुण सहकारी, आबे, हिगाशी आणि नाकानो असे पाचजण त्या पाण्यात गेले.

ज्याने अर्धे आयुष्य पाण्यात पालथे पडून काढले त्याचा अंत पाण्यात व्हावा, याविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. वर्षभराचा तो जमाखर्च, ज्यात पक्ष्यांचे २५.६ आणि माशांचे ४४ टक्के नमूद आहेत, तो २००१ च्या प्रारंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला.

फॉश यांनी मित्राचे काम पुढे चालवले. मागे राहिलेला प्रश्न मोठा होता. अमेरिकेतून १८७७ साली जपानात आणलेला इंद्रधनुषी ट्राउट होक्काइदोच्या ओढ्यांत फोफावत चालला होता. या परक्या माशाने स्थानिक माशाला हुसकले तर ते केवळ माशांचे भांडण राहील, की त्याची झळ काठ ओलांडून जाईल? कोल्डन बॅक्स्टर या तरुण संशोधकाला बरोबर घेऊन फॉश होरोनाईवर आले, आणि मुराकामी व इतर जपानी सहकाऱ्यांसह त्यांनी पुन्हा एकदा ओढ्यावर जाळ्यांची हरितगृहे उभी केली. परक्या ट्राउटने वरून पडणारे किडे बळकावले. ओशोरोकोमाला मग तळाच्या, शेवाळ खाणाऱ्या किड्यांकडे वळावे लागले; ते किडे घटले, शेवाळ वाढले, पाण्यातून पंख फुटून बाहेर पडणाऱ्या किड्यांची संख्या उतरली, आणि काठावरच्या त्या आडव्या जाळ्यांच्या कोळ्यांची दाटी ६५ टक्क्यांनी कमी झाली. पाण्यात सोडलेल्या एका माशाने झाडावरचे कोळी घटवले, आणि तेही त्यांना स्पर्श न करता. हा निबंध २००४ चा. फॉश यांनी पुढे नाकानोच्या आठवणींसह नद्यांविषयी एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या कार्यावरच्या अनुबोधपटासाठीही परिश्रम घेतले.

या शाखेचे सर्वांत आश्चर्यकारक फळ मात्र जपानातच लागले. ताकुया सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पाहिले की शरद ऋतूच्या सुमारास रानातले रातकिडे आणि नाकतोडे स्वतः होऊन पाण्यात उड्या टाकतात. त्यांच्या पोटात केसासारखा लांब, बारीक परजीवी कृमी वाढलेला असतो. त्याला प्रजननासाठी पाणी हवे असते, म्हणून तो आपल्या यजमानाच्या वर्तनावर ताबा मिळवून त्याला ओढ्याकडे नेतो. त्यांनी अभ्यासलेल्या एका ओढ्यातील दुर्मीळ माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के ऊर्जा अशा रीतीने पाण्यात लोटल्या गेलेल्या किड्यांकडून मिळते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते. ज्याचे नाव घेताना आपण नाक मुरडू अशा कृमीवर एका दुर्मीळ माशाचे कुटुंब पोसले जात आहे.

जपानी लोकांना यातले काहीच अगदी नवे वाटले नसेल. माशांना जवळ करणारे रान राखावे ही त्यांच्याकडची जुनी वहिवाट. १८९७ च्या त्यांच्या वनकायद्यात ‘उओत्सुकी’ म्हणजे मासे राखणाऱ्या वनांचा एक स्वतंत्र प्रकारच संरक्षित ठरवला आहे. केसेन्नुमाच्या खाडीत कालवे वाढवणारे शिगेआत्सु हाताकेयामा यांनी, कालवे निकस होऊ लागल्यावर, १९८९ पासून आपल्या कोळी बांधवांसह खाडीला मिळणाऱ्या नदीच्या उगमाकडे जाऊन झाडे लावायला सुरुवात केली, आणि ‘अरण्य ही समुद्राची प्रेयसी’ असे नाव त्या चळवळीला दिले. तरी त्याच देशात डोंगरातल्या ओढ्यांवर गाळ अडवणारे बंधारे आणि काँक्रीटचे काठ एवढे वाढले आहेत, की उमाळा आणि आचरण यांतले अंतर तेथेही आपल्याइतकेच लांब आहे.

आपल्याकडे रान एका खात्याचे, पाणी दुसऱ्या खात्याचे आणि काठ बहुधा कोणाचाच नव्हे. माझ्या आजोळच्या गावाशेजारून एक ओढा वाहतो. त्याच्या काठी वाळुंज, करंज, जांभूळ आणि एक फार जुना, पाण्यावर ओठंगलेला उंबर असे. उंबरे पिकून पाण्यात पडू लागली की खालच्या डोहात माशांची झुंबड उडे, आणि आम्ही मुले ती पाहत बसत असू. काही वर्षांपूर्वी ओढ्याचे खोलीकरण आणि रुंदीकरण झाले. यंत्र आले, आठवड्यात काम उरकले, आणि डावा काठ तासून सरळ केला गेला. वाळुंज गेले, करंज गेले. पाणी साठले हे मी नाकारीत नाही, आणि उन्हाळ्यात विहिरींना त्याचा उपयोग झाला असेल तर त्याचा मला आनंदच आहे. पण मंजुरीच्या कागदावर मातीचे घनमीटर होते आणि डिझेलचा खर्च होता. काठावरच्या झाडांसाठी रकानाच नव्हता. ती कागदावर असती, निदान काठावरची झाडे राखावीत एवढी तरी अट त्यात असती, तर त्याच पैशात तेवढेच पाणी साठून उंबराचे सोबती वाचले असते.

उंबर मात्र वाचला आहे. तो उजव्या काठावर होता. गेल्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी तेथे होतो. नाकानोची ती पाणी भरलेली ताटे मनात होती, म्हणून स्वयंपाकघरातली मोठी पितळी परात मागून आणली, तीत तळाला दोन बोटे पाणी घातले आणि उंबराखाली, जेथे फांद्या ओढ्यावर येतात तेथे, चार दगडांवर टेकवून ठेवली. दुसरी परात समोरच्या तासलेल्या काठावर ठेवली. पहाटे उठून पाहायला गेलो. समोरच्या परातीत पावसाचे पाणी होते आणि थोडी माती. उंबराखालच्या परातीत पंख गळालेली वाळवी तरंगत होती, तिच्याभोवती तिचे पारदर्शक पंख वेगळे पसरले होते. दोन हिरवे सुरवंट होते, एक काळा भुंगा अजून पाय हलवीत होता, तांबड्या मुंग्या होत्या, एक किडलेले उंबर होते आणि ते फोडल्यावर आतून निघालेली बारीक चिलटे. मोजायला लागलो आणि शंभरापुढे मोजणे सोडून दिले. परात उचलली आणि डोहात उपडी केली. पाणी क्षणभर शांत राहिले, मग खालून एक मासा वर आला, आणि त्याच्यामागे दुसरा.